अक्कासाठी लावलेली झाडं

भाची वैशालीचा फोन आला तेव्हा मी भाजी घेऊन घरी परतत होतो. "मामा, अण्णा गेले..." एवढंच ती बोलू शकली. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले होते, बसल्या जागीच मान कलंडली. तिचे अण्णा म्हणजे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. महिना उलटून गेला, तरी पारनेरला निघालो की 'दाजींकडे चाललोय' असंच तोंडून निघतं.

दाजी एसटीचे ड्रायव्हर. उमेदीची सगळी वर्षं मुक्कामाच्या गाड्यांवर गेली. झाडांचा नाद लागला तो निवृत्तीनंतर, आणि तोही अक्कामुळे. काचबिंदूनं अक्काची नजर हळूहळू गेली. एकदा ती अंगणात धडपडून पडली, त्यानंतर उंबऱ्याबाहेर यायलाच तयार होईना. दिवसभर भिंतीला टेकून गप्प बसायची. दाजींना ते बघवेना. त्यांनी कुदळ घेतली आणि अंगणात खड्डे खणायला सुरुवात केली. पायरीशी मोगरा, न्हाणीघराच्या वाटेवर अनंत, पाण्याच्या टाकीजवळ कुंद. उन्हाळा, पावसाळा, थंडी... कुठल्याही ऋतूत निदान एका तरी वासावरून तिला कळावं, आपण अंगणात कुठं उभ्या आहोत. पारनेरचे उन्हाळे तुम्हाला ठाऊकच असतील. टँकरच्या दिवसांत भाजी-तांदूळ धुतलेलं पाणीही त्यांनी मोरीत जाऊ दिलं नाही. थंडी सरताना मोगऱ्याचं पाणी तोडायचं, मग छाटून शेणखत द्यायचं, हे सगळं रोपवाटिकेत चकरा मारमारून शिकले.

या उत्साहात एक घोळ झाला. नव्या झाडांना जागा करताना त्यांनी जुनी जास्वंद उपटून टाकली. मोगऱ्याला पहिली फुलं आली, त्या वासानं अक्का पायरी उतरली, आणि सवयीनं देवाला फूल काढायला कुंपणाकडे वळली. मी तिथंच होतो. तिचा हात नुसताच हवेत फिरत राहिला.

"आवं, जास्वंद कुठं गेली?"

दाजी चाचरले. "काढली. तिला वास न्हाई, तुला काय उपेग?"

"वास नसंना! पाकळी हाताला कळती की मला. आन् तिचा लाल रंग अजून ध्यानात हाय माझ्या. तेवढाबी काढून टाकता व्हय?"

दाजींनी पायात चपला सरकवल्या आणि निघून गेले. रागावले की काय, असं मला वाटलं. थोड्या वेळानं शेजाऱ्यांकडून जास्वंदीची फांदी तोडून घेऊन आले. कुंपणाशी खड्डा खणला, अक्काला हात धरून तिथं बसवलं, फांदी तिच्या हातात दिली आणि स्वतः माती लोटू लागले. लोटता लोटता म्हणाले, "सरळ हाय का, बघ बरं."

अक्का हसतच सुटली. "मला बघायला सांगता?" दाजींनी कपाळावर हात मारला, मातीनं कपाळ भरलं, आणि तेही हसू लागले. कित्येक महिन्यांनी मी त्या घरात असं हसू ऐकत होतो. फांदी वाकडीच लागली. ती तशीच वाढली, आणि भरभरून फुलली.

गेल्या आठवड्यात पारनेरला गेलो. अक्का एकटीच अंगणात होती. झाडांना पाणी घालावं म्हणून मी नळीला हात लावला.

"थांब," ती म्हणाली.

खाली बसून तिनं झाडाच्या बुडाशी मातीत बोट खुपसलं. दाजी रोज असंच करायचे; माती चाचपल्याशिवाय पाणी सोडायचे नाहीत. बोट बाहेर काढून तिनं अंगठ्यानं माती चोळली. चेहऱ्यावर समाधान होतं.

"ओल हाय अजून," ती म्हणाली.