पारासमोरची टाकी

जिजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. "छातीत कळ आली आणि संपलं," एवढंच मधले दीर म्हणाले. मला रडू यायच्या आधी तिचा रागच आला... एवढं भांडण अर्ध्यावर टाकून ही बाई गेलीच कशी?

जिजी म्हणजे मधल्या दिरांची बायको, माझी जाऊ. दोन उन्हाळे असे गेले की होळीआधीच गावातल्या विहिरी तळाला लागल्या, म्हणून तापीकाठच्या आमच्या ग्रामपंचायतीने वाढत्या उन्हाला तोंड द्यायचा आराखडा केला आणि पाण्याची टाकी बसवली, ती नेमकी पारासमोर. तिथे सावली आहे म्हणे! पारावर दिवसभर वडीलधारी मंडळी बसतात आणि त्यांच्यासमोरून सुनांनी चपला हातात घेऊन जायचं, ही आमच्याकडची रीत. डोक्यावर हंडा आणि पायाखाली तापलेलं डांबर. बायका मुकाट्याने पुन्हा लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या.

ग्रामसभेत जिजी उठली. समोर आमचे थोरले दीर, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं. थोरल्या दिरांशी थेट बोलायचं नाही, म्हणून नजर त्यांच्यावर रोखून ती ग्रामसेवकाला म्हणाली, "भाऊ, आराखडामा ऊन शे, पानी शे. बायास्ना पाय कोठे शेतस? टाकी मांगली गल्लीमा न्या." कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. "टाकी तठेच ऱ्हाई," म्हणाले आणि सभा पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिजी पदर नाकापर्यंत ओढून, पण चपला घालून, रस्त्याच्या मधून पारासमोरून गेली. मी चार पावलं मागे, चपला हातात घेऊन. "या घरनी लाज सोडी दिनी," पारावरून आबा कुणाकडेही न बघता म्हणाले. जिजीने सावकाश हंडा भरला. त्या दिवसापासून मधल्या दिरांनी तिच्याशी अबोला धरला. "तहान लागनी का बोलतीन," ती मला म्हणाली. ते बोलायच्या आतच ती गेली, आणि तिच्यानंतर चपला घालून त्या वाटेने एकही बाई गेली नव्हती.

उत्तरकार्याच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि पाणी संपलं. मी हंडा उचलला. पाराजवळ पाय आपोआप थबकले. आबा एकटेच बसले होते. मी चपला काढल्या नाहीत. ते आता बोलतील, आता बोलतील... त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. तो राग होता की वाट मोकळी करून देणं, मला अजून सांगता येत नाही.

हंडा भरून वळले, तर शेजारची नवी सून पायात चपला घालून येत होती. कडेकडेने नाही, भर रस्त्याच्या मधून, जिजी चालली होती तशी.