कमलबाईचं स्टूल

कमलबाई कुठंही जायची ती आपलं स्टूल काखेत मारून. लग्न असो, तेरवी असो, विहारातली बैठक असो. बाभळीचं, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेलं. आमच्या आसेगावातल्याच एका लग्नात तिच्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली अन् अख्खा मांडव हसला. तीही हसली. पण त्यानंतर दुसऱ्याच्या खुर्चीवर कधी टेकली नाही. बस म्हटलं की म्हणायची, "मयं सिंहासन मया संगं हाये व माय."

माझी शेजारीण ही. नळापासून घरापर्यंत येताना तीनदा स्टूल टेकायची, इतका दम लागायचा. आम्ही सगळ्या एकच सांगायचो, कमी खा. खोटं कशाला बोलू, मी तर तिच्या ताटातल्या भाकरी मोजायचे. ती चिडायची नाही. "अर्ध्या भाकरीवर आली मी, वच्छला. आता काय हवा खाऊ?"

मग एकदा पाय सुजले, ओठ निळे पडले. मी तिला घेऊन नागपूरला गेले. तपासणीत निघालं काय, तर हृदयाची झडपच खराब! लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याची करणी. वजन होतंच, पण दम लागायचा तो झडपेमुळं. माझी मान खाली गेली. त्या मोजलेल्या भाकरी आठवल्या.

पहिल्या डॉक्टरनं हात वर केले. एवढ्या वजनात छातीचं हाड कापलं तर जखम भरणं कठीण, म्हणाले. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड कापायचंच नाही. उजवीकडून दोन बरगड्यांमधून लहानशी चीर देऊन झडप बदलू. धोका आहे, पण करण्यासारखं आहे."

कमलबाईला काळजी निराळीच. "मॅडम, तुमच्या टेबलाले मी झेपीन का?"

"मावशी, टेबल मी आधीच पाहून ठेवलंय."

तेव्हा कुठं तिनं स्टूल माझ्या हातात दिलं अन् आत गेली. ते मांडीवर घेऊन मी बसून राहिले. कितीक वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "झालं, छान झालं," म्हणाल्या, अन् मी त्या स्टुलावरच डोकं टेकून रडले.

वजन अजून फारसं उतरलं नाही तिचं. पण परवा नळावरून आली ती एकदाही न थांबता, काखेत स्टूल न घेता. माझ्या ओसरीवरची प्लास्टिकची खुर्ची ओढली अन् ऐसपैस बसली. खुर्ची करकरली. मी खुर्चीच्या पायांकडं पाहिलं. टिकली बाई खुर्ची!

"अशी काहून पाहून राह्यली? भूक लागली. अन् आता मोजू नको."

स्टूल तिनं मलाच देऊन टाकलंय, माझ्या गुडघ्यांसाठी. त्याच्यावर बसूनच मी तिच्यासाठी भाकर थापली.