आप्पाचा लंगोट

आमच्या अंगणातल्या दोरीवर आप्पाचा तांबडा लंगोट वाळत असायचा आणि त्याला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. मी त्याची सख्खी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर कोल्हारात माहेरी परत आले, गावातच मास्तरीण झाले. घरातलं सगळं धुणं मी धुवायची. पण लंगोट मात्र तो स्वतः धुवायचा, स्वतः पिळायचा, स्वतः वाळत घालायचा. एकदा वाऱ्याने तो उडून तुळशीत पडला, तर आप्पा तालमीतून येईपर्यंत मी तसाच पडू दिला. लग्न त्याने केलं नाही. कुणी विषय काढला की दोरीकडे बोट दाखवून म्हणायचा, "माझा संसार ह्यो एवढाच."

गाव त्याला वस्ताद म्हणायचं. गुडघा, खांदा, कंबर, कुणाचं काय निखळलं, मुरगळलं की माणूस आमच्या ओट्यावर. कोमट तेल, तालमीची माती आणि आप्पाचा अंगठा; रडत आलेला हसत जायचा. पण एका दुखण्याला त्याच्याकडे दयामाया नव्हती. कुणी पैलवान म्हणाला, वस्ताद, जांघेत कळ येते, की संपलं. ती जागा दुखते म्हणजे गड्याचं पाऊल वाकडं पडलंय, अशी त्याची पक्की समजूत. "जांघंत दुखतंय म्हंजी लंगोट सुटलाय. चल, नीघ." त्याच्या सगळ्यांत लाडक्या पठ्ठ्याला, नामदेवला, त्याने असंच भरल्या तालमीतून बाहेर काढलं. नामदेव आईची शपथ घेत होता, पायाला हात लावत होता. पुढे कळलं, त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, होता. नगरला ऑपरेशन झालं आणि गडी ठणठणीत झाला. मी हे आप्पाला सांगितलं, तर म्हणतो कसा, "डाक्टर काय, कशाला बी नाव देतोय." असा हट्टी! देवाने डोकं दिलं होतं की दगड, कोण जाणे.

मग दुष्काळ पडला. प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू, तालमीतल्या मातीला घालायला ताकही मिळेना, आणि पैलवान गेले रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. आप्पाही गेला. "पोरं दगुड फोडत्यात आन् मी बसून खाऊ व्हय?" मोठमोठे धोंडे तो एकटा उचलायचा म्हणे. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, उठताना त्याचा हात जांघेकडे जातो. खोकला आला की भिंतीकडे तोंड करतो.

"आप्पा, कुठं दुखतंय रे?"

"पोटात."

"पोट इतकं खाली असतं का?"

"मास्तरीनबाई, साळंतल्या पोरांस्नी इचारा असलं."

जितकं दुखे, तितका तो लंगोट आवळून बांधायचा. पडद्यामागून त्याचं कण्हणं मला ऐकू यायचं. माझा जीव तुटायचा. पण बहिणीने भावाला त्या जागेबद्दल विचारायचं तरी कसं?

शेवटी मी गावातल्या डॉक्टरांना घरी घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. डॉक्टर धोतर सैल करा म्हणाले, तसा आप्पा ताडकन उठून बसला. "लंगोटाला हात लावायचा न्हाई!"

"वस्ताद," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जांघेत दुखलं की माणूस बाहेरख्यालीच असतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला? शीर ताणते, मुतखडा खाली सरकतो, लघवीच्या वाटेला जंतू होतात, अंडाला पीळ पडतो, आतडं खाली उतरतं. बघितल्याशिवाय मी काय सांगू?"

आप्पाने धोतर आवळून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला बजावलं, "वांत्या सुरू झाल्या तर घरात ठेवू नका. सरळ नगर गाठा."

दोनच दिवसांनी सकाळी वांत्या सुरू झाल्या. पोट टम्म फुगलं. आप्पा घामाने निथळत होता आणि तरी म्हणत होता, "कुसे, कुनाला सांगू नगं. गाव काय म्हनंल?" मरणाला भीत नव्हता माझा भाऊ, गावाला भीत होता! मी अनवाणी धावत सुटले, ती थेट रस्त्याच्या कामावर. नामदेव तिथे खडीचा ट्रक चालवायचा. मी नुसतं "आप्पा" म्हणाले आणि हुंदका फुटला. त्याने खडी तिथेच ओतली आणि गाडी आमच्या दारात आणली.

त्याने आप्पाला लहान मुलासारखं उचलून केबिनमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं. राहुरी मागे पडली. मग नामदेव समोर बघतच म्हणाला, "वस्ताद, मलाबी ह्येच हुतं. माझा लंगोट कंदी सुटला न्हवता."

आप्पाने डोळे मिटून घेतले. कानशिलावरून पाणी ओघळलं. "ठावं हाय," तो म्हणाला. "माझं दुखाया लागलं, तवाच कळलं. तुला हाक मारायला तोंड न्हवतं रं."

नामदेवला रस्ता दिसेना. त्याने बाहीने डोळे पुसले आणि गाडी दामटली.

दवाखान्यात वॉर्डबॉय कात्री घेऊन आला. आप्पाने त्याचा हात धरला. मला वाटलं, अजूनही नाहीच म्हणतोय. पण त्याने मान वळवली. "नामदेवा, तू सोड."

नामदेव गाठ सोडू लागला. तिला वर्षानुवर्षांचा पीळ होता, सुटता सुटत नव्हती. तेवढ्यात मी बाहेर आले. ऑपरेशन झालं, पण खाली उतरलेलं आतडं अडकून काळं पडलं होतं. विष अंगात भिनलं होतं. दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा गेला.

मला अजून त्याचा राग येतो. इतका येतो की त्याच्या फोटोशी भांडते मी. चार टाक्यांच्या त्या ऑपरेशनची त्याला लाज वाटली आणि मला पोरकी करून गेला. पुढे तालीम नामदेवने चालवली. नवा पोरगा आला की त्याला कुस्तीच्या मातीत, हौद्यात उतरवण्याआधी तो विचारायचा, "जांघंत दुखतंय का? दुखलं तर पयलं मला सांगायचं. लाजायचं न्हाई."

दवाखान्यातून लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. घरी आल्यावर मी तो धुतला, पिळला, दोरीवर टाकला. संध्याकाळी वारा सुटला आणि तो उडून तुळशीत पडला. मी कितीतरी वेळ दारात उभी राहिले. मग जाऊन उचलला.