बाच्या कागदातलं नाव

"वाटणी नगं मला. बानं माझं नाव तेवढं घेतलंय का बगा," असं म्हणत ती कचेरीच्या दाराबाहेर चपला काढायची आणि बाक रिकामा असला तरी उंबऱ्याशी उकिडवी बसायची. कचेऱ्यांच्या दारांत अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या एका दस्त नोंदणी कचेरीत मी नकला उतरवणारा कारकून होतो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. ती पन्नाशीची, मेंढपाळाच्या घरची. बाजारात घोंगड्या विकायची. नवऱ्याला सोडून माहेरी आली म्हणून तरुणपणीच बापानं तिला हाकललं होतं. तेव्हापासून ती तीन कोसांवर मावशीच्या गावी राहिली. बाप वारल्यावर भाऊ म्हणाले, "बानं मृत्युपत्र केलंय. त्यात तुजं नाव सुदिक न्हाई." तेवढं खरं का, हे पाहायला तिला मृत्युपत्राची नक्कल हवी होती.

नकलेसाठी मयताचा दाखला लागतो. मी विचारलं, "वडील कुठं वारले?"

"मेंढरांमागं."

"गाव कुठलं?"

"आवं भाऊसाहेब, मेंढरं बसली हुती त्ये."

सगळी कचेरी हसली. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते. कळप रोज वेगळ्या शेतात बसायचा, ज्या गावी मरण आलं तिथंच नोंद व्हायची, आणि भाऊ त्या गावाचं नाव सांगेनात.

तिनंच ते शोधलं. खतासाठी यंदा कुणी मेंढरं बसवली होती, असं शेतकऱ्यांना विचारत ती पार शिरवळच्या अलीकडंपर्यंत चालत गेली. अडीच महिन्यांनी दाखला घेऊन आली, तेव्हा मी तिला हाताला धरून बाकावर बसवलं.

नोंदवही उघडली तर अक्षर माझंच. सहा वर्षांपूर्वी ते मृत्युपत्र मीच उतरवलं होतं आणि विसरलो होतो. मी वाचून दाखवलं. तिचं नाव होतं, आणि पुढं : 'थोरल्या लेकीस मी रागाने घराबाहेर काढले. ती चूक माझी. ती येईल तेव्हा तिला कोणी अडवू नये.'

मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"कवा लिवलंय ह्ये?"

"सहा वर्षं झाली."

"सा वर्सं? आन मी तीन कोसांवर हुते. मग मला हाळी का न्हाई मारली त्यानं?"

मी शाईची दौत पुढं ओढली आणि नक्कल उतरवून, घडी घालून तिच्या हातात दिली.

पुढच्या बाजारी ती परत दारात आली. "घरी जाऊन आले," म्हणाली. "कुणी अडिवलं न्हाई, भाऊसाहेब. पर ये म्हणणारा न्हवता."

त्यानंतर ती दिसली नाही. वर्षभरानं मावशीच्या गावचा एकजण कामासाठी आला, त्यानं ती गेल्याचं सांगितलं. उशाखाली एक घडी घातलेला कागद सापडला होता. जवळच्या कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून तो तिच्याबरोबरच चितेवर ठेवला.