धोटा माझ्या हातात

भिवंडीतल्या आमच्या शाळेत आता भांडणाला शिक्षा नसते. मुलांना सतरंजीवर गोल बसवतात आणि लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, एक जुना धोटा हातोहात फिरवतात. तो ज्याच्या हातात येईल त्यानं खरं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आठवीचा गोल मीच घेते.

जवळच्या शेलार गावाहून येणारी एक मुलगी उत्तरेकडून आलेल्या लूम कामगाराच्या मुलीला म्हणाली, "जा ना परत तुझ्या गावाला." कामगाराच्या मुलीनं चिडून शेलारच्या मुलीचा डबा भिरकावला. दोघींना गोलात बसवलं.

"असं का बोललीस गं?"

शेलारची खाली बघत म्हणाली, "कुणाचं तरी ऐकलं हाय, मॅडम."

कुणाचं, ते मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात गृहपाठावरून कामगाराच्या मुलीला हेच वाक्य मीच वर्गात सुनावलं होतं. धोटा माझ्याकडे आला, मी तो पुढे सरकवला. माझ्या वाक्याची माफी शेलारच्या मुलीनं मागितली. दोघी एका डब्यात जेवल्या. मला मात्र महिनाभर घास गोड लागला नाही.

परवा मधल्या सुट्टीत दोघींना बोलावलं, धोटा धरला आणि ते वाक्य माझंच होतं, माझं चुकलं, असं सांगून टाकलं.

"मालूम है, टीचर," कामगाराची मुलगी म्हणाली. "मैं वहीं तो बैठी थी."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"धोटा आपके हाथ में था ना."

शेलारची म्हणाली, "मॅडम, आता तिला द्या की. तिची पाळी हाय."

मी दिला. घंटा होईपर्यंत ती तो धरून गप्प बसली. मी माफी मागितली, की नुसतं माझं ओझं तिच्या हातात दिलं, हे मला अजून कळत नाही.