गाडीच्या मागे उभ्या राहणाऱ्या काकू

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली शेजारच्या काकांची गाडी उभी असते. रविवारी सकाळी माझं दूध तापत असताना खालून आवाज यायचा, "लागला… लागला… गेला." आवाज काकूंचा. काका आत बसून ब्रेक दाबायचे, इंडिकेटर द्यायचे, आणि काकू मागे उभ्या राहून दिव्यांचा हालहवाल सांगायच्या. ब्रेकचा दिवा लावणाऱ्याला स्वतःला कधी दिसत नाही. मागे दुसरं माणूस लागतंच. इमारतीतली पोरं काकूंना लागलाकाकू म्हणायची. मागचं आटोपलं की काकू गाडीच्या पुढे यायच्या आणि तिथे भांडण ठरलेलं.

"उजवा लागत नाहीये."

"तुझा उजवा की माझा?"

"गाडीचा. आपलं दोघांचं सोडा."

काकू लग्नानंतर लगेच गाडी शिकल्या होत्या. लायसन्सही होतं. मुदत संपायच्या आत न चुकता नवं करून आणायच्या. पण चावी काकांच्या खिशात. कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "तिला येते की चालवता." येते म्हणजे किती येते, हे बघायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

मग काकांची नजर गेली. सगळी नाही. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. वर्तमानपत्र बंद झालं, गाडी बंद झाली. काकांनी चावी कपाटात स्वेटरांखाली ठेवली आणि जे खुर्चीत बसले ते बसलेच. बसने कुठे जाऊ म्हटलं तर नको. पाटी वाचायला कुणाला तरी विचारावं लागेल, आणि काकांनी जन्मात कुणाला रस्ता विचारला नव्हता. चुकले तरी विचारला नव्हता.

परगावी राहणारा मुलगा फोनवर म्हणाला, विकून टाका, नुसती उभी राहून गंजेल. काकू म्हणाल्या, मी चालवीन. मुलाने हसू दाबलं ते त्यांना फोनमधूनही ऐकू आलं. शेवटी मायलेकांचं ठरलं असं: गाडी जुनी, तिची सरकारी तपासणी जवळ आली होती. काकूंनी गाडी स्वतः तयार करून पास करून आणली तर ती राहील, नाहीतर मुलाकडे गिऱ्हाईक होतंच. काकांना विचारलं तर त्यांनी "तुमचं चालू द्या" म्हणून मान वळवली.

"ही गेली ना," काकू मला जिन्यात म्हणाल्या, "तर हे त्या खुर्चीतून उठायचे नाहीत."

पहिल्या दिवशी त्या बाजारापर्यंत जाऊन आल्या. घामाघूम, पण खूश. आल्याआल्या काकांचं हवा मोजायचं मीटर चारही टायरांना लावलं. गाडीच्या दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्यापेक्षा हवा जास्त दिसली, म्हणून फुस्स करून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर जुन्या उशीसारखे बसलेले. पंपावरच्या हवावाल्याने त्यांना समजावलं की टायर चालून तापला की आतली हवा फुगते, मोजायची तर सकाळी, टायर गार असताना. घरी येऊन काकूंनी काकांना विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं? काका म्हणाले, "हं." त्या एका 'हं'वर दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

नंतर पुढचा एक दिवा गेला. काकू दुकानातून नवा बल्ब घेऊन आल्या आणि भाजी फोडणीला टाकल्यावर मधल्या वेळात खाली जाऊन बसवूनही आल्या. बॉनेट उघडून हात आत घालताना कोपर खरचटलं, पण दिवा लागला. त्या इतक्या खूश झाल्या की वर बघून मला हात केला. चार दिवसांत तोही उडाला. तपासणी उद्यावर आलेली.

तो काळा पडलेला बल्ब काकूंनी काकांच्या समोर टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी तो उचलून बोटांनी चाचपला.

"काचेला हात लावला होतास?"

"मग काय पाय लावायचा होता?"

काकांनी हळूहळू सांगितलं. बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि काच टिकत नाही. बल्ब बुडाशी धरायचा, नाहीतर स्वच्छ रुमालात.

"हे आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

काकांनी बल्ब टेबलावर परत ठेवला. मग म्हणाले, "नसतं."

हे सगळं काकूंनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं ते एवढंच, की काका घरातल्या चपला घालून, धुतलेला रुमाल हातात घेऊन, कठड्याला धरत खाली उतरले. काकूंनी रुमालात धरून पुढचा नवा बल्ब बसवला. मग त्या गाडीत बसल्या आणि काका मागे गेले.

मागे जाऊन त्यांनी तोंड फिरवलं. गाडीकडे पूर्ण पाठ केली नाही एवढंच. चेहरा सरळ बाजूच्या कुंपणाच्या भिंतीकडे. मला वाटलं, झालं, पुन्हा रुसले.

"लागला?" काकूंनी आतून विचारलं.

"डावा लागला. उजवा नाही."

काकूंचा विश्वास बसेना. इतके दिवस त्या गाडी मागे घेऊन भिंतीला लावत होत्या आणि आरशात भिंत लाल दिसली की समाधान मानत होत्या. एक दिवा लागला तरी भिंत लालच होते, हे कुणाच्या लक्षात येणार? पाहायला उतरावं तर पाय ब्रेकवरून निघतो आणि दिवाच जातो. ज्या माणसाला त्यांचं नाक दिसत नाही, त्याचं ऐकायचं की नाही, हा प्रश्न होता. त्यांनी वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. कुठला दिवा लागलाय आणि कुठला नाही, ते मला वरून स्वच्छ दिसत होतं. पण मी मुद्दाम दूध बघायला आत गेले.

परत आले तेव्हा काकू डिकी उघडून उजवा दिवा सोडवत होत्या. आतल्या बल्बची तार तुटलेली होती. काकांनी डिकीत राखून ठेवलेला जादा बल्ब त्यांनी काढला.

"तुम्ही तर तिकडे बघत होतात."

"सरळ बघितलं तर गाडीच नाही," काका म्हणाले. "तिकडे बघितलं की दोन्ही दिवे दिसतात. घाई करू नकोस, दाबून मग फिरव. हां."

त्या पुन्हा आत बसल्या. काकांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"लागला," ते म्हणाले. "दोन्ही."

तपासणीला काकाही गेले, त्याच चपलांत. दुपार उलटली तरी दोघांचा पत्ता नाही. मला धास्ती वाटायला लागली. मग गाडी फाटकातून आत आली, काकांच्या बाजूची काच पूर्ण खाली, कोपर बाहेर. पास झाली होती ती केव्हाच. परत येताना काकांनी जवळचा रस्ता दाखवला आणि तीनदा चुकवला. तिन्ही वेळा काकूंनी गाडी थांबवून विचारलं. "आणि हे," काकू म्हणाल्या, "सांगणाऱ्याशी गप्पा मारत बसले."

मुलाचा संध्याकाळी फोन आला. गिऱ्हाइकाचा विषय त्याने काढला नाही, यांनीही नाही.

आता रविवारी सकाळी खालून काकांचा आवाज येतो. खालच्या मजल्यावर नव्या आलेल्या बाईंनी मला विचारलं, ते आजोबा भिंतीकडे तोंड करून का उभे असतात, भांडण झालंय का? मी म्हटलं, भांडण आहे, पण ते सीटचं. काकूंनी चालवणाऱ्याची सीट पार पुढे ओढून घेतली आहे. शेजारी बसून काकांना ते खुपतं, आणि काकू ती मागे सरकवायला तयार नाहीत.