ज्याचं ठरत नाही, त्याला भूशास्त्र

खडक सर हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि त्यात चेष्टेपेक्षा माया जास्त होती. विद्यापीठात ते भूशास्त्र शिकवत. खिशात एखादा दगड कायम असायचा, त्यामुळे त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांचे खिसे लोंबलेले. "लोकांचे नवरे खिशात रुमाल ठेवतात, आमचे हे डोंगर घेऊन फिरतात," असं त्यांची बायको सांगायची. ती चौकातल्या औषधाच्या दुकानात बरीच वर्षं काउंटर सांभाळत होती आणि गिऱ्हाइकांना गोळ्यांबरोबर असले किस्सेही फुकट मिळत.

सरांना विद्यापीठात मान होता तो मात्र वेगळ्याच कामामुळे. नवे विद्यार्थी यायच्या आधी दर वर्षी सगळ्या प्राध्यापकांचं प्रशिक्षण व्हायचं. पहिल्या सत्रात कोणते विषय घ्यावेत याबद्दल नव्या मुलांना सल्ला कसा द्यायचा, हे त्यात शिकवत, आणि शिकवणारे खडक सर. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात टेबलं भिंतीला लावून खुर्च्यांच्या रांगा मांडायच्या आणि सर समोर उभे राहायचे. एरवी अशा बैठकांना लोक झोप काढायला जातात. पण सरांच्या प्रशिक्षणाला मागच्या खुर्च्या आधी भरत नसत.

"आधी पेन खाली ठेवा," ते म्हणायचे. समोरचं पोर काय बोलतंय ते पुरतं ऐकून घ्या. पुढे काय व्हायचंय ते विचारा. शाळेत काय आवडायचं, घरून यायला किती वेळ लागतो, घरी कोणाचं आजारपण आहे का, कुठे काम करतंय का, हे सगळं विचारा. आपल्या विषयाची दुकानदारी करू नका. शेवटचं वाक्य ते जरा हसून म्हणत आणि सगळे हसत, कारण प्रत्येकाला आपापल्या दुकानाची काळजी होतीच.

त्या वर्षी ती काळजी सरांच्या गळ्याशी आली होती. उन्हाळ्यात डीननी त्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की भूशास्त्राच्या पहिल्या वर्गात यंदाही मुलं जमली नाहीत, तर वर्ग बंद होईल. डीन माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा पाजला, सूक्ष्मदर्शकांची चौकशी केली आणि मग हे सांगितलं. तिथून सर प्रयोगशाळेत आले तेव्हा मामा दगडांच्या खोक्यांवरची धूळ पुसत होते. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे जुने मदतनीस. त्यांना काही सांगायची सरांची हिंमत झाली नाही.

आणि मग प्रशिक्षणाच्या अगदी शेवटी, लोक खुर्च्या मागे सारत असताना, कोणीतरी सहज विचारलं, "सर, सगळं विचारूनही ज्याचं काहीच ठरत नाही, त्याला काय सांगायचं?"

सर म्हणाले, "त्याला भूशास्त्र द्या. हलका विषय आहे, आणि पुढे सगळीकडे चालतो."

हे खोटं होतं. निम्मं खोटं, पण खोटंच. भूशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे तास एकाच वेळी असत, एक घेतला की दुसरा गेला. ज्यांना औषधनिर्माण किंवा रोगनिदानाच्या शाखेकडे जायचं, त्यांना पहिल्या सत्रात रसायनशास्त्र लागायचंच, नाहीतर वर्ष वाया. सरांना हे तोंडपाठ होतं. वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्यांना ते कळलंही. दुरुस्त करायला उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं. चार-दोन मुलं इकडे आली तर कोणाचं काय बिघडतंय, असं स्वतःला समजावलं, आणि शिवाय वर्ग गेला तर मामांच्या नोकरीचा प्रश्न होता. मामांचं नाव मनातल्या मनात पुढे करून त्यांनी आपलं काम भागवलं.

चार-दोन मुलं कसली, वर्ग ओसंडून वाहिला. शेजारच्या खोलीतून बाकं आणावी लागली. सरांनी कित्येक वर्षांत इतक्या खुशीत शिकवलं नव्हतं. मामांनी खोक्यांवर नव्या चिठ्ठ्या डकवल्या. डीन वाटेत भेटले की पाठ थोपटायचे.

सत्र निम्म्यावर आलं तेव्हा एका संध्याकाळी बायको जेवताना दुकानातल्या नव्या मुलीबद्दल सांगू लागली. ट्रकवाल्याची मुलगी, सकाळच्या पाळीला लागलेली, हुशार. औषधांची नावं एकदा ऐकली की पाठ. बायकोला ती मनापासून आवडली होती.

"तिला औषधनिर्माणाला जायचं होतं हो," बायको म्हणाली. "पण तिकडे जायला रसायनशास्त्र लागतं, आणि तिला कोणीतरी भलताच विषय घ्यायला लावला. आता अर्जच करता येत नाही. बाप म्हणाला, वर्ष फुकट घालवायचंय तर निदान कामाला तरी लाग. तुमच्याच विद्यापीठातली आहे. असे कसे सल्ले देतात तुमचे लोक?"

सरांनी विचारलं, "विषय कोणता?"

"ते नाही विचारलं मी. का?"

"काही नाही," सर म्हणाले. पोट बरं नाही म्हणून त्यांनी ताट सारलं. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, तेव्हा तर त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ती मुलगी शोधली. बायकोने सांगितलेलं नाव हजेरीपटात होतंच, फार शोधावी लागली नाही. दुसऱ्या बाकावर बसायची, दगड हातात घेतला की आधी वजन जोखायची आणि मग बघायची. ही मुलगी इथे असायला नको होती, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो जाईना. तिच्याकडे पाठ करून ते फळ्यावर लिहीत राहिले.

त्या आठवड्याअखेर सल्लागार प्राध्यापकांची बैठक होती. कोणाला काय अडचणी आल्या ते बोलायचं, आणि सर त्यावर दोन शब्द सांगणार. इतिहासाच्या मॅडम उठल्या. त्यांचं विद्यापीठातलं पहिलंच वर्ष, वयाने सरांच्या मुलीसारख्या. प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून सगळं मन लावून ऐकणाऱ्या त्याच.

"माझ्याकडून एका मुलीचं नुकसान झालंय," त्या म्हणाल्या. "ती गप्प गप्प होती, काही ठरत नाही म्हणाली. मी तिला भूशास्त्र घ्यायला सांगितलं. पुढे काय व्हायचंय हे मी दोनदा विचारलं असतं, तर तिने भीत भीत सांगितलं असतं. मी एकदाच विचारलं. चूक माझी आहे."

मॅडमनी सरांचं नाव घेतलं नाही. ते वाक्य कोणी शिकवलं होतं, याचा उच्चारही केला नाही. खोलीतल्या निम्म्या लोकांनी ते वाक्य ऐकलेलं होतं, पण कोणाला आठवत नव्हतं, किंवा आठवूनही कोणी वाईटपणा घेत नव्हतं. सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या, नेहमीसारख्याच, विश्वासाने.

सर म्हणाले, "होतं असं. पहिल्या वर्षी सगळ्यांकडून होतं. मनाला लावून घेऊ नका."

मॅडम खाली बसल्या आणि म्हणाल्या, "थँक्यू सर."

प्रशिक्षणातलं ते वाक्य एक वेळ घाईत निघालं असेल. पण हे मात्र त्यांनी पूर्ण शुद्धीत केलं होतं. आपल्या पोरीच्या वयाच्या एका बाईने त्यांचं ओझं सगळ्यांदेखत उचललं आणि त्यांनी वर तिलाच मोठ्या मनाने माफ केलं. घरी जाताना ते नेहमीच्या वळणावर वळायचं विसरले आणि पार रेल्वेच्या पुलापर्यंत चालत गेले. परत येऊन बायकोला सगळं सांगितलं, मामांच्या नावामागे न लपता. हातातलं भांडं पुसून पुसून कोरडं झालं तरी ती पुसतच होती.

"मी त्या पोरीला रोज चहा देते," शेवटी ती म्हणाली. "उद्या तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघू?" आणि मग, जरा थांबून, "आधी त्या मॅडमकडे जा. तिची झोप उडाली असेल."

सर सकाळी इतिहास विभागात गेले. मॅडम एकट्याच होत्या, वह्या तपासत होत्या. सरांनी दाराशी उभं राहूनच सांगितलं, की चूक तुमची नाही, माझी आहे, मला ठाऊक होतं आणि तरी मी तसं सांगितलं, माझा वर्ग वाचवायला.

मॅडमना धक्का बसला नाही, आणि हेच सरांना जड गेलं.

"ते वाक्य तुमचं होतं, हे माझ्या लक्षात होतं सर," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला माहीत नसेल असं वाटलं मला. म्हणून काल बोलले नाही." मग त्यांनी तपासायची वही मिटली. "माहीत होतं म्हणता. मग आता मला राग येतोय. थोडा वेळ येऊ द्या."

सर तिथे उभे राहिले. बसा असं मॅडम म्हणाल्या नाहीत आणि ते बसलेही नाहीत. पुढे मॅडमनीच विचारलं, अशी आणखी किती मुलं असतील? हा प्रश्न सरांनी स्वतःला विचारायचा टाळला होता.

दोघं मिळून वर्गातल्या एकेका मुलाला भेटले. सरांनी या वेळी पेन खाली ठेवलं. कोणाला दगडांतच रस होता, कोणाला कशातच नव्हता. पण वर्गाचा चांगला मोठा भाग असा निघाला, ज्यांना पुढे रसायनशास्त्र लागणार होतं आणि ज्यांना त्याचा पत्ताच नव्हता. एक मुलगा तर सत्राच्या मध्येच विद्यापीठ सोडून गेला होता. त्याचा फोन लागत नव्हता. तो का गेला, ते सरांना कधीच कळलं नाही.

रसायनशास्त्राचे विभागप्रमुख तिरसट म्हणून प्रसिद्ध. सरांनी त्यांना विनंती केली की पहिला भाग दुसऱ्या सत्रात पुन्हा शिकवा. प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सांडलं तुम्ही आणि पुसायचं आम्ही?"

"हो," सर म्हणाले.

एवढं सरळ उत्तर प्रमुखांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी वेळापत्रक उलगडलं. मुलं होती, शिक्षक देता आला असता, पण जमण्यासारखी वेळ एकच होती, दुपारची, आणि तीही भूशास्त्राच्या दुसऱ्या भागाची. ती सोडली तर भूशास्त्राचा वर्ग उरत नव्हता.

सरांनी तो तास सोडला. डीनकडे जाऊन त्यांनी कारणासकट सगळं सांगितलं. डीननी या वेळी चहा मागवला नाही. "वर्ग वाचवण्यासाठी केलंत आणि वर्गच गेला," एवढं ते म्हणाले, आणि प्रशिक्षण यापुढे इतिहासाच्या मॅडमनी घ्यावं असं ठरलं. सरांकडे वरच्या वर्गांचे थोडे तास उरले. मामांची बदली ग्रंथालयात झाली. सर त्यांना सांगायला गेले, तेव्हा मामांनी विचारलं, तिथे जिना आहे का? गुडघे दुखतात. जिना होता.

ट्रकवाल्याच्या मुलीशी बोलणं सरांनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. सकाळची पाळी सुटायच्या वेळेला ते दुकानाबाहेर उभे राहिले. बायकोने काचेआडून पाहिलं आणि मुलीला बाहेर पाठवलं.

ती ॲप्रनला हात पुसत आली. सरांनी सांगितलं, मॅडमनी नाही, मी तुझं नुकसान केलं, जाणूनबुजून. दुसऱ्या सत्रात रसायनशास्त्र मिळेल, अर्ज पुढच्या वर्षी करता येईल, तरी वर्ष गेलं ते गेलंच.

"घरी काय सांगू?" मुलीने विचारलं.

"तुझ्या वडिलांना मी भेटतो. माझ्या तोंडून ऐकू देत."

"नको," ती म्हणाली. "ते ओरडतील तुमच्यावर, आणि मग मला वाईट वाटेल. मीच सांगते."

ओरडून घ्यायला सर तयार होते. खरं तर त्यांना तेच हवं होतं, आणि तेही मागायचा आपल्याला हक्क नाही, हे त्यांना तिथे रस्त्यात उभ्या उभ्या समजलं.

"मला तुमचा वर्ग आवडायचा," मुलगी म्हणाली. बोलण्यात राग नव्हता, पण हसूही नव्हतं. "म्हणून जास्त वाईट वाटलं. वाईट शिकवलं असतं तर मी आधीच चौकशी केली असती."

एवढं बोलून ती आत गेली. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं.

दुसऱ्या सत्रात ती दुपारी रसायनशास्त्राला बसू लागली, सकाळी दुकानात. बायको घरी तिच्या बातम्या सांगायची: चाचणीत पहिली आली, बापाने तिला सायकल दुरुस्त करून दिली. सर ऐकत. कधी कधी बायको सांगता सांगता मध्येच थांबायची, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. मग दोघंही जेवण संपवत. पुढच्या वर्षी मुलीला औषधनिर्माणाला प्रवेश मिळाला, तेव्हा तिने दुकानात सगळ्यांना पेढ्यांऐवजी पेनं वाटली. बायको सरांसाठीही एक घेऊन आली. मुलीनेच दिलं होतं, मुद्दाम.

सरांनी ते टेबलाच्या खणात ठेवलं. वापरावं असं त्यांना पुष्कळदा वाटलं. अजून त्यांनी ते वापरलेलं नाही.